भायखळ्याचें प्रदर्शनगृह आणि प्रदर्शनांचीं कागदपत्रें

‘प्रदर्शन’ हा शब्द संस्कृत खरा. प्रपूर्वक दृश् धातूच्या प्रयोजकापासून तो सिद्ध होतो व त्याचा मूळ अर्थ ‘दाखविणें’ एवढाच आहे. परंतु ज्या विशिष्ट अर्थानें तो आज मुंबईंत रूढ आहे, तो अर्थ इंग्रजी अमदानींतील होय. जत्रा देवाच्या निमित्तानें भरते, बाजार विक्रीसाठीं भरतो. प्रदर्शनांत माल मांडावयाचा तो मुख्यतः पाहणी, तुलना व परीक्षा यांसाठीं. महालक्ष्मीच्या जत्रेस स्थळ व काळ ठरलेले आहेत, म्हणून तिची स्मृति लोकांत टिकते. प्रदर्शनाचा मंडप उठला कीं मैदान पुनः मोकळें. मग इतिहास लिहिणारास दोनच आधार उरतात: मागें राहिलेल्या वस्तु आणि मागें राहिलेले कागद. या दोहोंचें मोल मुंबईंत जेथें उत्तम दिसून येतें ती वास्तु म्हणजे लालबाग-परळच्या वाटेवरील, भायखळ्याचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तिचा उगम प्रदर्शनांत कसा झाला हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १८५१ च्या मे महिन्यांत लंडन येथें हाइड पार्कांत सर्व राष्ट्रांच्या कलाकौशल्याचें महाप्रदर्शन उघडलें. ऑक्टोबरपर्यंत तें चाललें व साठ लाखांवर लोकांनीं पाहिलें. त्यासाठीं हिंदुस्थानांतून माल गोळा करण्याची खटपट सुरू असतांनाच मुंबईस एक संग्रहालय असावें ही कल्पना निघाली. पुढें १८५५ त पॅरिसच्या प्रदर्शनासाठीं पुनः माल जमविण्यांत आला. अशा प्रसंगीं पाठविलेल्या जिनसांच्या जोडप्रती मुंबईंत ठेविल्या जात. त्यांतून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दींत कोटांतील टाउन बराकींत संग्रहालय उभें राहिलें. डॉ. जॉर्ज बुइस्ट त्याची व्यवस्था पाहत असे. येथील हेतु केवळ कौतुकाचा नव्हता. कोणत्या मुलखांत कोणता कच्चा माल पिकतो व त्याचा विलायतेच्या कारखान्यांस काय उपयोग, हें नमुन्यांवरून कळावें, हा व्यापारी हेतु त्यामागें स्पष्ट होता.

या संग्रहास स्वतःचें घर नव्हतें आणि तेंच त्याच्या मुळावर आलें. १८५७ च्या धामधुमींत बराकीची जागा लष्करास हवी झाली. संग्रह बाहेर काढून टाकण्यांत आला व पुष्कळ वस्तु नष्ट झाल्या. जें जमविण्यास वर्षें लागलीं, तें एका हुकुमासरशीं विसकटलें.

पुढील वर्षीं डॉ. जॉर्ज बर्डवुड याची नेमणूक झाली. राणीच्या जाहीरनाम्याच्या निमित्तानें भरलेल्या सभेंतून संग्रहालय व उद्यान यांची योजना पुढें आली आणि नामदार जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी प्रभृति गृहस्थांनीं वर्गणीची खटपट केली. ता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्तें कोनशिला बसली. १८६५ त अमेरिकेंतील युद्ध संपून कापसाची तेजी कोसळली, शेअरबाजार बुडाला. त्याच वर्षीं शिल्पकार विल्यम ट्रेसी व जगन्नाथ शंकरशेट हे दोघेही वारले. काम रेंगाळलें. अखेर ता. २ मे १८७२ रोजीं ‘व्हिक्टोरिया ॲण्ड आल्बर्ट म्यूझियम’ या नांवानें तें लोकांस खुलें झालें. १८७४ त भाऊ दाजी निवर्तले. १९७५ त संग्रहालयास त्यांचें नांव देण्यांत आलें. अलीकडे जीर्णोद्धार होऊन २००८ त तें पुनः उघडलें.

संशोधकांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. इमारतीचा पाया घातला गेला त्याच वर्षीं, १८६२ त, बर्डवुडनें मुंबई इलाख्यांतील वानस्पतिक कच्च्या मालाची यादी संग्रहालयाची सूची म्हणून छापून प्रसिद्ध केली. म्हणजे घर उभें राहण्यापूर्वींच सूची तयार होती. नमुने नाशवंत; तेल आटतें, बीं किडतें, रंग उडतो. पण नमुन्याची नोंद उरली, तर त्या काळचा व्यापार त्यावरून पुनः मांडतां येतो.

याचा दुसरा दाखला त्याच आवारांत उभा आहे. ज्या दगडी हत्तीवरून फिरंग्यांनीं घारापुरीस एलिफंटा म्हटलें, तो १८६४ त विलायतेस नेण्यासाठीं उचलतांना कोसळला व त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेंत येऊन पडले आणि १९१४ त जुळविले गेले. तुकडे टिकले म्हणूनच हत्ती पुनः उभा राहिला.

आतां उत्तरकाळ पाहूं. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास जोडून औद्योगिक प्रदर्शन भरविण्याचा प्रघात १९०१ त कलकत्त्यास पडला. १९०२ त अहमदाबादचें प्रदर्शन श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं उघडलें. १९०४ त सर हेन्री कॉटन यांच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनाच्या वेळीं मुंबईची पाळी आली. आज कफ परेडला व्यापारकेंद्र आहे, गोरेगांवीं मोठीं प्रदर्शनगृहें आहेत. परंतु दिवस भरले कीं तेथील मांडणी उठते. ज्या प्रदर्शनांमागें भायखळ्यासारखें घर राहिलें नाहीं, त्यांचा इतिहास सर्वस्वीं कागदांवर अवलंबून आहे.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची एक विनंति आहे. गिरगांव, दादर, परळ येथील जुन्या घरांचीं दप्तरें उलगडतांना आपण पोथ्या व मोडी कागद वेगळे काढतों आणि छापील चिठोरे रद्दींत जाऊं देतों. त्या चिठोऱ्यांत प्रदर्शनाचें प्रवेशपत्र, बक्षिसाचा दाखला, मालाचा भावपट किंवा वर्गणीची पावती असूं शकते. असा कागद मिळाल्यास तो ज्या रुमालांत सांपडला त्यांतच ठेवावा आणि घराचें स्थळ व रुमालाचा क्रम टिपून ठेवावा; कारण शेजारच्या मोडी हिशेबावरूनच पुष्कळदां त्याचा अर्थ लागतो. भाऊ दाजींच्या पोथ्या एशियाटिक सोसायटींत सूचीसह राहिल्या, म्हणून आज त्या अभ्यासकांस मिळतात. जो न्याय आपण पोथीस लावतों, तोच या छापील कागदांस लावला पाहिजे. बराकींतील वस्तु गेल्या त्या गेल्याच. आपल्या हातांतील कागद मात्र अजून राखतां येतील.