फोटो निळे येतात, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला डायव्हिंग करून आलेली मंडळी फोटो दाखवतात आणि पाठोपाठ एकच प्रश्न विचारतात, "सगळं निळं-हिरवं आलंय हो. आता कुठला भारी कॅमेरा घेऊ?" मग दुकानदार, मित्र, भाऊजी सगळेच आणखी महागड्या मॉडेलचं नाव सुचवतात. पैसे साठतात, नवा कॅमेरा येतो, पाण्यात जातो आणि फोटो पुन्हा निळेच येतात. हौशी माणसाचं मर्यादित बजेट ज्या एका समजुतीपायी सर्वांत जास्त वाया जातं, ती ही. म्हणून आधी तिचाच समाचार घेऊ.

गैरसमज: कॅमेरा भारी असला की पाण्याखालचे रंग नीट येतात

वस्तुस्थिती: रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. ते वाटेतच पाण्यात शोषले जातात.

पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. तांबडा आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत दूरवर टिकतो. हा डोळ्यांचा भास नाही, मोजलेली गोष्ट आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या रॉबिन पोप आणि एडवर्ड फ्राय यांनी शुद्ध पाण्यातल्या शोषणाची काटेकोर मोजमापं १९९७ मध्ये 'अप्लाइड ऑप्टिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांच्या आकड्यांनुसार ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश एका मीटर पाण्यात सुमारे २९ टक्के शोषला जातो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र एक टक्क्याहूनही कमी.

आता हिशेब करून पाहा. तुम्ही पाच मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून दोन मीटरवर आहे. सूर्यप्रकाश पाच मीटर पाणी कापून माशापर्यंत येतो आणि माशावरून परतून आणखी दोन मीटर पाणी कापत तुमच्या लेन्सपर्यंत पोचतो. एकूण सात मीटर. एवढ्या प्रवासानंतर तांबड्यातला जेमतेम ९ टक्के शिल्लक राहतो, निळ्यातला सुमारे ९४ टक्के. लेन्ससमोर जे आलं तेच सेन्सरने टिपलं. मोठा सेन्सर अंधारात कमी दाणेदार चित्र देतो, हा त्याचा फायदा खरा आहे. पण तो उरलेल्या ९ टक्क्यांचाच. हरवलेले ९१ टक्के जगातला कुठलाही सेन्सर परत आणत नाही.

हाच मासा, हीच खोली, हाच स्वस्तातला कॅमेरा. फक्त तीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जा आणि तुमच्याकडचा दिवा लावा. आता दिव्याचा प्रकाश तीस सेंटीमीटर जाणार आणि तीस सेंटीमीटर परत येणार. साठ सेंटीमीटर पाण्यातून तांबड्यातला ८२ टक्के प्रकाश शाबूत राहतो. नऊ टक्के आणि ब्याऐंशी टक्के यांतला फरक कॅमेऱ्याने पाडलेला नाही. तो अंतराने आणि दिव्याने पाडला आहे. हे आकडे शुद्ध पाण्याचे आहेत. समुद्राच्या पाण्यात परिस्थिती याहून वाईट असते, सुधारत कधीच नाही.

दिवा घेतला आणि दोन मीटरवरूनच मारला, तरी उपयोग होत नाही. जाऊन-येऊन चार मीटर पाण्यात तांबडा सव्वीस टक्क्यांवर येतो, शिवाय अंतर वाढलं की प्रकाश पसरून पातळ होतो. तीस सेंटीमीटरवर जो झोत पडतो, तो दोन मीटरवर चव्वेचाळीस पटींनी क्षीण झालेला असतो. म्हणून पाण्याखाली दिवा आणि जवळीक या दोन गोष्टी एकत्रच लागतात.

इथेच झूमचीही भानगड मिटते. झूममुळे मासा चौकटीत मोठा दिसतो, पण मधलं दोन मीटर पाणी तिथेच राहतं आणि त्यातला प्रत्येक कण तेवढाच मोठा होऊन दिसतो.

आपल्या किनाऱ्यावर तर हा मुद्दा दुप्पट लागू पडतो. कोकणच्या पाण्यात प्लवक आणि नद्यांनी आणलेला गाळ असतो. प्लवकातलं हरितद्रव्य आणि पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं निळा प्रकाशही खातात, म्हणून आपल्याकडचे फोटो निळ्यापेक्षा हिरवे येतात. तरंगणारे कण प्रकाश चहूकडे विखुरतात आणि चित्रावर धुरकट पडदा चढतो. पाच मीटरपलीकडचं नीट दिसत नसेल, तर एक मीटरच्या आतला विषय शोधायचा. मालदीव किंवा अंदमानातले फोटो पाहून तसा कॅमेरा शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथलं पाणी वेगळं आहे.

ही गोष्ट माणसाला शंभर वर्षांपूर्वी कळली होती. शास्त्रज्ञ विल्यम लाँगली आणि नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी १९२६ मध्ये फ्लोरिडाच्या समुद्रात एका माशाचं रंगीत छायाचित्र घेतलं. ते जानेवारी १९२७ च्या अंकात छापून आलं. पाण्याखालच्या रंगीत छायाचित्रणाची सुरुवात तिथून मानली जाते. त्यासाठी त्यांनी पृष्ठभागावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. अडचण प्रकाशाची आहे हे त्यांनी ओळखलं, म्हणून एवढं जोखमीचं काम अंगावर घेतलं. आज बोटभर टॉर्च मिळत असताना आपण मात्र कॅमेऱ्याचं नवं मॉडेल शोधत बसतो, याची मला खरोखर चीड येते.

मग पैसे कशावर घालायचे?

पहिलं हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची जलरोधक पेटी, दुसरा दिवा, तिसरा कॅमेरा. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात आणि अडकतात. आधी कॅमेरा घेतात, मग कळतं की त्या मॉडेलसाठी हाउसिंग निघतच नाही, किंवा निघतं ते कॅमेऱ्याहून महाग आहे. हाउसिंग एका विशिष्ट मॉडेलच्या बटणांप्रमाणे घडवलेलं असतं. पुढच्या मॉडेलला ते बसेलच असं नाही. म्हणून ज्याचं हाउसिंग सहज आणि परवडेल अशा भावात मिळतं, तोच कॅमेरा निवडावा.

कॅमेऱ्यात चार गोष्टी पाहा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली फाइल, मिळते का? व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, पाण्याखालीच स्वतः लावता येतो का? लेन्स किती जवळून फोकस करते? आणि अंगचा फ्लॅश आहे का? शेवटचा प्रश्न अनेकांना अनावश्यक वाटतो, पण बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे वेगळा फ्लॅश, बहुधा फायबर ऑप्टिक केबलने, कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक पाहून पेटतो. फ्लॅशच नसेल तर ही सोपी वाट बंद.

या चारही कसोट्यांवर ऑलिंपसची टफ मालिका उतरते. २०१९ चा टीजी-६ आणि आता ओएम सिस्टिम या नावाने २०२३ मध्ये आलेला टीजी-७ हाउसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत आणि पीटी-०५९ हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत चालतो, रॉ देतो आणि लेन्सपासून एक सेंटीमीटरवरही फोकस करतो. सेन्सर लहान आहे, पण गढूळ पाण्यात समुद्री गोगलगायी, खेकडे, प्रवाळाचे बारकावे टिपायला असा कॅमेरा आणि एक बरा टॉर्च पुरतो. सेन्सर मोठा हवा असेल, तर सोनीच्या आरएक्स-१०० किंवा कॅननच्या जी-७ एक्स मालिकेतलं जुनं मॉडेल वापरलेलं घ्या. त्यांची हाउसिंग मिळतात. कॅमेरा जुना चालतो. हाउसिंगची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, मात्र नवीच टाकायची.

दिव्याचं म्हणाल तर व्हिडिओ टॉर्च स्वस्त पडतो आणि प्रकाश कुठे पडतोय ते आधीच दिसतं. हात-दीड हाताच्या आत त्याने छान काम होतं. स्ट्रोब महाग, पण त्याची क्षणभराची चमक कितीतरी प्रखर असते आणि हलता मासा स्थिर टिपते. दोन्हींतलं काहीही घ्या, पण ते ट्रे आणि आर्मवर, लेन्सपासून बाजूला बसवा. लेन्सला चिकटून असलेला फ्लॅश समोरचा प्रत्येक कण उजळतो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*"माझा फोन आयपी६८ आहे, तो समुद्रात चालतो."* आयईसी ६०५२९ या मानकात शेवटचा ८ म्हणजे उत्पादकाने स्वतः ठरवलेल्या अटींवर घेतलेली चाचणी. ॲपलच्या आयफोन १२ ला ही खात्री ६ मीटर आणि ३० मिनिटांची आहे. तरीही फोन घेऊन पोहू नका, असं कंपनीच सांगते आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाही. शिवाय पाण्यात टचस्क्रीन नीट चालत नाही.

*"पंधरा मीटर लिहिलंय, म्हणजे डायव्हिंगला पुरेसं."* पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या डिस्कव्हर स्कूबाची मर्यादा १२ मीटर आहे, तिथे पुरेल, ओपन वॉटर डायव्हरची मर्यादा १८ मीटर आहे, तिथे हाउसिंग हवंच.

*"मेगापिक्सेल जास्त तेवढं चांगलं."* टफ मालिकेतला टीजी-४ सोळा मेगापिक्सेलचा होता; पुढचा टीजी-५ मुद्दाम बारावर आणला आणि कमी प्रकाशात तो सरस ठरला.

*"लाल फिल्टर लावला की लाल रंग येतो."* फिल्टर रंग आणत नाही, निळा-हिरवा प्रकाश कमी करतो. उथळ, स्वच्छ, उन्हाच्या पाण्यात उपयोगी; दिव्यासोबत किंवा गढूळ पाण्यात लावू नये.

*"नंतर सॉफ्टवेअरने नीट करता येईल."* तांबडा थोडा तरी पोचला असेल तर रॉमधून तो वर काढता येतो, नसेल तर फक्त दाणे वाढतात. डेरिया अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी २०१९ मध्ये मांडलेली 'सी-थ्रू' पद्धत थक्क करणारी आहे, पण तिलाही चित्रातल्या प्रत्येक बिंदूचं अंतर माहीत असावं लागतं.

*"ॲक्शन कॅमेरा घेतला की सगळं झालं."* व्हिडिओसाठी उत्तम. पण गोप्रोला फ्लॅश नाही आणि नेहमीच्या लेन्सचा फोकस कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे बोटाएवढा जीव अगदी जवळून स्पष्ट येत नाही.

*"ओ-रिंगला भरपूर ग्रीस लावावं."* पाणी अडवतं ते रबर, ग्रीस नव्हे. पातळ थर पुरे. जास्त ग्रीसला वाळू आणि केस चिकटतात आणि गळती तिथूनच सुरू होते.

*"काचेवर वाफ धरली, म्हणजे पाणी शिरलं."* बहुतेकदा ती आत कोंडलेल्या दमट हवेची असते. बोटीवर हाउसिंग बंद करू नका. एसी खोलीत बंद करा आणि सिलिका जेलची पुडी आत ठेवा.

शेवटचा खर्च, खरं तर पहिला

वरचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर उभा आहे: विषयाच्या हातभर अंतरावर जाणं. आणि ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. पाण्यात एका जागी, न हलता, तळाला न टेकता तरंगत राहायला जो शिकला नाही, तो जवळ गेला की पायांच्या फिन्सने गाळ उडवतो, आधारासाठी प्रवाळाला हात लावतो आणि वर्षांनुवर्षं हळूहळू वाढलेली फांदी मोडतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जो दर्जा, तोच त्यांना. एका फोटोसाठी त्यांना इजा करण्याचा हक्क कुणालाही नाही.

म्हणून बजेट आखताना पहिली रक्कम डायव्हिंगच्या रीतसर प्रशिक्षणासाठी बाजूला काढा. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची (एमटीडीसी) स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. तोल सांभाळायला तिथे शिका आणि काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. नंतर घेतलेला साधा कॅमेरा आणि एक टॉर्च तुम्हाला असे रंग देईल, जे नुसत्या महागड्या कॅमेऱ्याने कधीच मिळाले नसते.