सागवानी डेक : झीज आणि दुरुस्ती

शिडांच्या जहाजांच्या काळीं इंग्रज आरमारांतील खलाशांचा दिवस बहुधा गुडघे टेकून सुरू होत असे. पहाटे डेकवर समुद्राचें पाणी व वाळू पसरावयाची आणि मऊ वालुकाश्मानें फळ्या घासावयाच्या, हा नित्यक्रम असे. डेक पांढराशुभ्र निघे व कप्तान संतुष्ट होई. परंतु त्या वाळूबरोबर फळीचाहि एक सूक्ष्म थर समुद्रांत जात असे, तिकडे फारसें कोणाचें लक्ष नसे. फळ्या दोन-तीन इंच जाड असत, म्हणून तें खपून जाई. आजच्या नौकांवर तें खपत नाहीं. सागवानी डेक पायांखालीं झिजतो त्याहून अधिक तो अति साफसफाईनें झिजतो. आणि त्याच्या दुरुस्तीचा विचार या गोष्टीपासूनच सुरू व्हावयास हवा.

डेकसाठीं सागच कां, याचें उत्तर सागाच्या गाभ्यांत आहे. त्यांत नैसर्गिक तेल असतें, त्यामुळें पाणी लवकर मुरत नाहीं आणि कीड व कुजवा सहजासहजीं शिरकाव करूं शकत नाहींत. ऊनपावसांत तें इतर लांकडांच्या मानानें थोडेंच फुगतें व आखडतें. ओकच्या लांकडांतील आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकतें, तसा प्रकार सागांत होत नाहीं. शिवाय ओला झालेला उघडा साग पायाखालीं निसरडा होत नाहीं, आणि हेलकावणाऱ्या जहाजावर ही गोष्ट जिवाच्या मोलाची असते.

या गुणांची साक्ष मुंबईच्याच गोदीनें दिली आहे. १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यानें पुढें कित्येक पिढ्या येथें जहाजें बांधलीं. त्याच घराण्यांतील जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं मलबारी सागाचें 'त्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज बांधलें गेलें व १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं तें पाण्यांत उतरलें. तें आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. १८१९ सालीं पोर्टस्मथला पोहोंचल्यावर तें कित्येक वर्षें राखीव पडून होतें. अशा जहाजांच्या डोलकाठ्या उतरवून डेकवर छप्पर घालण्याची त्या काळीं चाल होती. साग इतका चिवट असतांना छपराची गरज कां भासावी? कारण जहाजाचा शत्रु समुद्राचें पाणी नसून पावसाचें पाणी होय. खाऱ्या पाण्यांत कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाहीं. सांध्यांतून झिरपून तुळयांवर साचलेल्या गोड्या पाण्यांत मात्र ती फोफावते. डेक ही चालावयाची जमीन आहे खरी, पण त्याआधीं तें जहाजाचें छप्पर आहे.

जुन्या पद्धतींत जाड फळ्या सरळ तुळयांवर ठोकीत, दोन फळ्यांमधील फटींत सुताचा किंवा तागाचा पीळ मोगरीनें ठासून बसवीत आणि वरून उकळती राळ ओतीत. आजच्या बहुतेक क्रीडानौकांची रचना निराळी आहे. त्यांचा खरा डेक फायबरग्लासचा असून त्याच्या पोटांत पुष्कळदां बाल्सा किंवा प्लायवुड असतें, आणि त्यावर अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीच्या सागाच्या पट्ट्या स्क्रूंनीं किंवा डिंकासारख्या मिश्रणानें बसविलेल्या असतात. स्क्रूच्या डोक्यावर लांकडाचें लहानसें बूच असतें व पट्ट्यांमधील खांचेंत रबरासारखें लवचीक, काळें मिश्रण भरलेलें असतें. येथें साग हें शोभेचें व पकडीचें आवरण होय. तें झिजून पातळ झालें कीं प्रत्येक स्क्रू हा खालच्या डेकमध्यें पाणी नेणारी एक नळीच बनतो.

झीज कशी होते हेंहि समजून घेण्यासारखें आहे. झाडाच्या प्रत्येक वार्षिक वलयांत एक भाग मऊ व सच्छिद्र आणि दुसरा कठीण असतो. ताठ ब्रशानें रेषांच्या दिशेनें घासलें कीं मऊ भाग निघून जातो व कठीण भाग कंगोऱ्यांसारखा उभा राहतो. मग डेक खडबडीत दिसतो म्हणून मालक तो कांचकागदानें गुळगुळीत करून घेतो. त्यांत कंगोरेहि जातात आणि पुढील वर्षीं तोच खेळ पुन्हां सुरू होतो. तीव्र आम्लाच्या द्रावणांनीं साग सोनेरी दिसतो, पण तीं लांकडांतील मऊ भाग व सांध्यांतील मिश्रण या दोहोंनाहि खातात. जोरानें पाणी फेंकणारीं यंत्रें तर त्याहून घातक.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं डेकची नाडी पाहावी. काळे सांधे लांकडाच्या वर उभे राहिले असतील तर लांकूड तेवढें गेलें असें समजावें. बुचें निघून स्क्रूचीं डोकीं चमकूं लागलीं असतील तर जाडी संपत आली. पाऊस थांबून डेक वाळल्यावर सांध्यालगत एखादी ओली रेघ मागें राहिली तर तेथें फट आहे. लांकडी मोगरीनें ठोकून पाहतां घट्ट जागीं नाद भरीव येतो आणि सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागीं पोकळ येतो.

नुसता करडा रंग आला असेल तर कांहींहि करूं नये. करडेपणा हा रोग नव्हे. उन्हापावसांत राहणाऱ्या सागाचा तो स्वाभाविक वर्ण आहे.

सांधे सुटले असतील तर जुनें मिश्रण पूर्ण उकरून काढावें, खांच उथळ झाली असल्यास ती खोल करून घ्यावी आणि बाजू अ‍ॅसिटोननें पुसाव्यात. नाहींतर सागाचें तेल मिश्रणास चिकटूं देत नाहीं. खांचेच्या तळाशीं एक बारीक फीत घालावी, म्हणजे मिश्रण दोन्ही बाजूंस चिकटेल पण तळास चिकटणार नाहीं. हें वरवर क्षुल्लक वाटतें, पण त्यांत मर्म आहे. फळ्या आखडतात तेव्हां मिश्रणास ताणावें लागतें. तळाशीं जखडलेलें मिश्रण ताणलें जात नाहीं, तें फाटतें.

बूच गेलें असेल तर स्क्रू काढून त्याचें भोंक किंचित् खोल करावें, स्क्रू पुन्हां बसवावा व नवें बूच घालावें. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांशीं जुळल्या पाहिजेत. बूच एकाच घावांत फळीच्या पातळीस छाटूं नये; प्रथम थोडें वर छाटून रेषा कोणीकडे उतरतात तें पाहावें, मग पटाशी चालवावी. नाहींतर तें फळीच्या पृष्ठभागाखालीं उखडतें. एखादीच पट्टी चिरली असेल तर तेवढीच काढावी. पटाशी मधून बाहेरच्या बाजूस चालवावी, म्हणजे शेजारच्या पट्टीस इजा होत नाहीं.

बुचास धरावयास जाडीच उरली नसेल, किंवा खालचा गाभा ओला झाला असेल, तर मात्र सारें आवरण काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. या कामांत खरी कसोटी नव्या सागाची नसते. खालची जागा किती प्रामाणिकपणें तपासली याची असते. स्क्रूचें एकेक भोंक साफ करून बुजवावें लागतें. ओला गाभा वाळवावा आणि कुजलेला कापून काढावा लागतो. पाणी आंत कोंडून वर सुंदर लांकूड बसविणें म्हणजे गळवावर रेशमी पट्टी बांधणें होय. नवें आवरण आतां पुष्कळदां स्क्रूंवांचून, केवळ चिकट मिश्रणावर बसवितात. भोंकच नाहीं तेथें गळती कोठून येणार? फळ्या मात्र अशा चिरलेल्या निवडाव्यात कीं त्यांच्या पृष्ठभागावर वलयांच्या रेषा उभ्या, जवळ जवळ व समांतर दिसतील. अशा फळ्या कमी वांकतात आणि सारख्या झिजतात.

परंतु तसा साग आणावयाचा कोठून, हा आज मोठाच प्रश्न आहे. जहाजांच्या भुकेनें मलबारची रानें इतकीं ओसरलीं कीं १८४० नंतरच्या दशकांत कलेक्टर कॉनोली यांच्या पुढाकारानें निलांबूर येथें सागाची लागवड करावी लागली. पुढें जगाची दृष्टि ब्रह्मदेशाकडे वळली. तेथील सरकारी लांकूड संस्थेवर २०२१ सालीं अमेरिका आणि युरोपीय संघ यांनीं निर्बंध घातले. आतां लागवडीचा साग, उष्णतेनें पक्कें केलेलें इतर लांकूड, बुचाच्या झाडाची साल व कृत्रिम पट्ट्या असे पर्याय पुढें येत आहेत. लागवडीचा लवकर तोडलेला साग जुन्या रानांतील सागाची बरोबरी नेहमींच करतो असें नाहीं. म्हणून पायाखालीं असलेली अर्ध्या इंचाची जुनी पट्टी ही पुन्हां सहज न मिळणारी ठेव आहे.

ती राखण्याचा उपाय मात्र अगदीं साधा आहे. समुद्राचें पाणी, मऊ ब्रश किंवा स्पंज, आणि हात नेहमीं रेषांना आडवा. 'त्रिंकोमाली' भंगारांत जातां जातां वांचली. १९९० ते २००१ या काळांत तिची दुरुस्ती झाली, तेव्हां जेथें जुनें लांकूड सुदृढ होतें तेथें तें तसेंच ठेवण्यांत आलें, म्हणूनच मुंबईच्या सुतारांनीं बसविलेला साग तिच्यांत आजहि पाहावयास मिळतो. जेवढें गेलें तेवढेंच बदलावें आणि जें टिकलें आहे त्यास चकाकीच्या हौसेपायीं हात लावूं नये, हाच धडा दोनशें वर्षें टिकलेल्या त्या सागानें दिला आहे.