पांढऱ्या कोटामागची माणसं

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा बायोकेमिस्ट्रीचा तास होता. सरांनी फळ्यावर हिमोग्लोबिनची साखळी काढली आणि सहाव्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. एवढाच फरक, आणि त्यातून सिकलसेल होतो." वर्गातले सगळे भराभर लिहून घेत होते. माझं पेन मात्र थांबलं, कारण त्या 'एवढ्याच' फरकापायी माझा दादा लहानपणी रात्र-रात्र ओरडत असे.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आई आणि आजी बिड्या वळत, बाबा धानाच्या मजुरीवर जात. दादा तीन वर्षांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. पुढे पावसात भिजला की गुडघे दुखायचे, ताप आला की पाठ धरायची, डोळे पिवळे पडायचे. कुणी संधिवात म्हणालं, कुणी कावीळ. एका खाजगी दवाखान्यात तर कित्येक वर्षं नुसती दुखण्याची सुई टोचत राहिले, रक्त तपासायचं कुणाला सुचलं नाही. गावातल्या काहींनी बाहेरचं लागलंय म्हणून सांगितलं. सगळ्यांत जास्त भोगलं ते आईनं. "तुझ्याच माहेरचं रक्त खराब," हे तिनं नात्यातल्या बायकांकडून किती वेळा ऐकलं असेल!

दादा नऊ वर्षांचा होता तेव्हा आमच्या आशाताईंनी आईला हट्टानं उपजिल्हा रुग्णालयात नेलं. त्या दिवशीची मजुरी बुडाली म्हणून आई कुरकुरत होती. ताई म्हणाल्या, "वहिनी, आज नाही तर कधीच नाही." तिथल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ काकांनी दादाच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी केली. पुढच्या तपासणीचा अहवाल आला त्यात लिहिलं होतं, 'एसएस'. मग आई, बाबा आणि मी, तिघांचंही रक्त तपासलं. तिघेही 'एएस', म्हणजे वाहक निघालो.

काकांनी केसपेपर उलटा केला आणि त्याच्या पाठीवर चार चौकोन काढले. "हे बघा वहिनी, एक दोष तुमच्याकडून आला, एक दादांकडून. दोघांचे मिळून मूल आजारी झालं. दोघांपैकी एकाकडेच असता तर हा आजार झाला नसता. यात कुणाच्या माहेरचा प्रश्न नाही आणि कुणाचं पापही नाही." आईनं तो कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवला. घरी आल्यावर आजीसमोर उलगडला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तेव्हा सात वर्षांची होते. चार चौकोनांनी आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. मला डॉक्टर व्हायचं आहे, हे त्या दिवशी ठरलं.

पुढे वाचनात आलं की हा आजार वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा आला तो 1910 साली, शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांच्या लेखातून. ज्याच्या रक्तात त्या विळ्यासारख्या पेशी दिसल्या, तो ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. वेदना सोसत त्यानं पदवी घेतली आणि मायदेशी जाऊन दवाखाना थाटला. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा आजार आढळल्याची नोंद झाली. आज विदर्भात आदिवासी आणि आपल्या समाजात तो मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणून या पानावर तो पुन्हा पुन्हा लिहावा लागतो.

आता ज्यांच्यामुळे मी इथवर आले, त्यांच्याविषयी.

आजी म्हणायची, "पोरी, बिड्या वळून वळून माह्या बोटाले घट्टे पडले. तुह्या बोटाले शाईच लागली पाहिजे." तिनं मला एकदाही सुपासमोर बसू दिलं नाही. विहारातल्या अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे असे. पहाटे चारला मी ती उघडायची, कंदिलाच्या काळातली नाही, एलईडीच्या उजेडात, पण थंडी तीच. आमचे निवृत्त गुरुजी रोज संध्याकाळी येऊन भौतिकशास्त्राची गणितं सोडवून घेत. एक पैसा घेतला नाही. उलट परीक्षेचा अर्ज भरायला स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि म्हणाले, "परत करू नकोस, पुढच्या पोराला दे."

पहिल्या वेळी नीटमध्ये जमलं नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात दादाला छातीत दुखून धाप लागली, त्याला नागपूरला भरती केलं. मी वॉर्डाच्या व्हरांड्यात पुस्तक उघडून बसायची, पण अक्षर दिसायचं नाही. निकालानंतर मी नर्सिंगचा अर्ज आणला. नर्सिंग हलकं म्हणून नव्हे. घरात आणखी एक वर्ष बसून खायची लाज वाटत होती. दादानं अर्ज बाजूला ठेवला. म्हणाला, "माझ्या दुखण्यानं माझी शाळा गेली. तुझं वर्ष गेलं ते गेलं. आता तुझं कॉलेजही त्यानं न्यावं असं मला वाटत नाही." तो त्या वर्षी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला. उभं राहायचं काम त्याला झेपत नाही. त्याच्या पगारातून माझ्या सराव परीक्षांची फी गेली.

दुसऱ्या वेळी जमलं. पण गुण मिळाले म्हणजे जागा मिळाली असं नसतं, हे आपल्या मुलांनी आधीच समजून घ्यावं. राखीव जागेवर प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आमच्या पणजोबांचं नाव ज्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये होतं, त्या शाळेतल्या लिपिकानं दोन दिवस धूळ झटकून ती नोंद काढून दिली. पणजोबा दुसरीपर्यंतच शिकले. त्यांची ती दोन वर्षं माझ्या कामी आली. अकरावीतच अर्ज केला असता तर शेवटच्या दिवसांतली धावपळ टळली असती. केंद्राच्या 15 टक्के कोट्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, हेही मला उशिरा कळलं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर होतो. वसतिगृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ही माहिती आपल्या विहारातल्या फळ्यावर कायम लिहिलेली असावी, असं मला वाटतं.

महाविद्यालयात आल्यावर पहिल्या दिवसांतच शरीररचनाशास्त्राच्या सभागृहात आम्ही सगळे उभे राहिलो आणि देहदान करणाऱ्यांना वंदन करून शपथ घेतली. समोरच्या टेबलावर कोण होतं, त्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत. त्या माणसाच्या घरच्यांनी त्याला अग्नी दिला नाही, माझ्या हाती दिला. तेव्हा मला आठवले ते दादाला रक्त देणारे लोक. त्याला आजवर अनेकदा रक्त चढलं. 14 एप्रिलच्या, 6 डिसेंबरच्या शिबिरांत रांगेत बसलेल्या कुणाच्या तरी त्या पिशव्या होत्या. पिशवीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. ज्यांचे आभार मानायचे त्यांतल्या निम्म्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत.

म्हणून आभार मानण्याचा एकच मार्ग मला दिसतो, तो म्हणजे त्या काकांसारखं केसपेपर उलटा करून सांगत राहणं. वाचकांनो, एवढं लक्षात ठेवा:

• प्रत्येकानं लग्नाआधी सिकलसेलची तपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. कुंडली नको, रक्ताचा अहवाल बघा.

• एएस म्हणजे आजारी नव्हे, फक्त वाहक. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी शक्यता तेवढीच राहते. अशा जोडप्यानं गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावं.

• एसएस रुग्णानं भरपूर पाणी प्यावं, थंडी, भिजणं आणि अतिश्रम टाळावेत, फोलिक आम्लाची गोळी घ्यावी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यायचं असतं. मनानं सुरू किंवा बंद करू नये. दादाचं दुखणं त्यानं खूप कमी झालं.

• ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं, एका बाजूची शक्ती जाणं, लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका. तडक रुग्णालय गाठा.

• 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मामेबहिणीची सोयरीक जुळत होती. मुलगा चांगला, घर चांगलं. आई मध्येच उठली, पेटीतून तो जुना पिवळा पडलेला केसपेपर काढला आणि माझ्या हातात दिला. "तू सांग त्यायले," म्हणाली. मी दोन्हीकडच्या मंडळींसमोर चार चौकोन काढून समजावलं. मुलाचे वडील थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "उद्या दोघांचंही तपासून घेऊ." दादा दारात उभा होता. रात्री जेवताना एवढंच म्हणाला, "काकापेक्षा तुझे चौकोन वाकडे आहेत."

सगळ्यांना सविनय जयभीम.