जत्रेचा तमाशा ठरतो कसा?

गावची जत्रा जवळ आली की पंचमंडळी देवळात बसतात. वर्गणी किती, पालखी केव्हा, कुस्त्यांचे इनाम किती, हे ठरते. मग प्रश्न निघतो, यंदा तमाशा कोणाचा? वर्तमानपत्रांत फडांची नावे क्वचितच दिसतात. रेडिओ-दूरदर्शननेही त्यांना फारशी जागा दिली नाही. तरीही कोणाचा वग रंगतो आणि कोणाची ढोलकी बोलते, हे पंचांना पक्के ठाऊक असते. ही माहिती गावोगाव तोंडातोंडी फिरते आणि त्यावरच तमाशाचा संसार चालतो.

नारायणगावचा बाजार

पुण्याहून नाशिककडे जाताना सुमारे ७५ किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात नारायणगाव लागते. याला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या ओळीने उभ्या राहतात. बाहेर फडाच्या नावाची पाटी, आत तारखांची वही घेऊन बसलेले व्यवस्थापक. गावोगावचे पंच चार राहुट्या हिंडतात, भाव करतात आणि बोली जमली की विसार देतात. यालाच सुपारी देणे म्हणतात. चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या तारखा येथेच भरतात. मोठ्या तिथीला अनेक गावांची जत्रा एकाच दिवशी येते, म्हणून त्या तारखेचा भाव चढा राहतो. बैलबाजार पाहिलेल्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगायला नको.

हजेरीचे महत्त्व

रात्री गण, गवळण, बतावणी आणि मग वग. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी आणि दुपारनंतर आखाडा. जत्रेला लेकी-जावई, सोयरेधायरे आलेले असतात. त्यांना खेळ आवडला की ते आपल्या गावी जाऊन सांगतात आणि पुढच्या साली त्या गावची सुपारी येते. म्हणून जाणता फडमालक रात्रीच्या जागरणानंतरही हजेरीत हात आखडता घेत नाही. आजचा प्रेक्षक हाच त्याचा उद्याचा जाहिरातदार!

फडाचा हिशेब

सुपारी नसेल तेव्हा फड कनात लावून तिकिटावर खेळ करतात. त्यात सारी जोखीम मालकाची. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात, त्याआधीच कलावंतांना उचल द्यावी लागते. त्यासाठी मालक बहुधा कर्ज काढतो. पुढे ट्रकचे डिझेल, जेवणखाण, पगार हे रोजचेच. अवकाळी पाऊस आला तर तुमचा कांदा भिजतो, तसाच त्याचा खेळ बुडतो. कर्ज मात्र दोघांचेही उभेच राहते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांच्या नावावर खेड्यापाड्यांतून माणसे लोटत. तरीही त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. नावलौकिक आणि पोटापाण्याची शाश्वती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे जत्रा बंद राहिल्या. ज्यांना जत्रेखेरीज दुसरे व्यासपीठ नाही, त्यांची दोन साले अशी कोरडी गेली. आता वगातले तुकडे मोबाइलवर दिसतात. त्याने नाव दूरवर पोहोचते हे खरे, पण फुकट पाहणाऱ्याने फडाची चूल पेटत नाही. ती पेटते सुपारीवर आणि तिकिटावर.

गावाने एवढे करावे

ठरलेली रक्कम खेळ संपताच पुरी द्यावी. जेवण व पिण्याचे पाणी वेळेवर पोहोचवावे. स्त्री-कलावंतांसाठी बंदिस्त, उजेडाची जागा व स्वच्छतागृह असावे आणि रंगमंचाजवळ गावातली चार वडीलधारी माणसे बसवावीत. हुल्लड झालेल्या गावाचे नाव राहुट्यांमध्ये लगेच पसरते. बायाबापड्यांना निर्धास्त बसता येईल अशी व्यवस्था ठेवली, तर वग पाहायला सारे घर येते.

यंदा वर्गणीची पावती फाडताना याचा विचार व्हावा. एका रात्रीच्या कर्णकर्कश डीजेवर किती घालवायचे, आणि ढोलकी, तुणतुणे, झांज घेऊन दारी येणाऱ्या पन्नास-साठ माणसांच्या पोटासाठी किती ठेवायचे, हे ठरवणे गावाच्याच हाती आहे.