योद्ध्याचा गृहस्थाश्रम

रणांगणावर कीर्ति मिळविलेल्या वीरांचीं चरित्रें बहुधा युद्धाबरोबरच संपतात. उरलेलें आयुष्य सत्कारांत आणि आठवणी सांगण्यांत जातें. लेनर्ड चेशायर या इंग्रज वैमानिकाचें चरित्र मात्र युद्ध संपल्यावरच खऱ्या अर्थानें सुरू झालें. त्यांचा गृहस्थाश्रमहि मुंबईंत सुरू झाला. म्हणून तें आपणांस अधिक जवळचें वाटावें.

चेशायर यांचा जन्म १९१७ सालचा. वडील ऑक्सफर्डचे नामांकित कायदेपंडित. चेशायर यांनींहि कायद्याचाच अभ्यास केला. परंतु दुसरें महायुद्ध पेटलें आणि ते विमानदलांत दाखल झाले. चार वर्षांत शंभर हवाई मोहिमा पार पाडल्याबद्दल १९४४ सालीं त्यांस ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं ब्रिटनचे निरीक्षक म्हणून त्यांनीं नागासाकीवरील अणुस्फोटाचा मेघ विमानांतून पाहिला. त्या दृश्यानें ते शस्त्रविरोधी झाले, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. युद्ध केल्याचा पश्चात्ताप त्यांस झाला नाहीं. मात्र इतक्या प्राणांच्या मोलानें मिळालेली शांतता कशी वापरावी, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना.

प्रथम त्यांनीं माजी सैनिकांसाठीं सहजीवनाची एक वसाहत काढली. ती मोडली, मागें कर्ज उरलें आणि हॅम्पशायरमधील ‘ले कोर्ट’ हा रिकामा वाडा उरला. १९४८ सालीं त्याच वसाहतींतील एक गृहस्थ कर्करोगानें अखेरच्या अवस्थेस पोंचले. रुग्णालयाजवळ इलाज नव्हता, सांभाळणारें कोणी नव्हतें. चेशायर त्यांस वाड्यावर घेऊन आले आणि त्यांचें अंथरूण, पथ्यपाणी, मलमूत्र, सारें स्वतःच्या हातांनीं केलें. वार्ता पसरली, तसतसे आणखी निराधार रोगी दारीं येऊं लागले. पहिलें चेशायर-गृह असें निर्माण झालें. त्यामागें कोणतीहि योजना नव्हती.

पुढें क्षयानें त्यांस स्वतःसच दोन वर्षांहून अधिक काळ रुग्णालयांत अडकवून ठेविलें. बरे झाल्यावर ते भारतांत आले आणि मुंबईजवळच्या अंधेरीस त्यांचें भारतांतील पहिलें गृह निघालें. ५ एप्रिल १९५९ रोजीं मुंबईंतच त्यांचा स्यू रायडर यांच्याशीं विवाह झाला. युद्धकाळांतील त्यांचा पहिला विवाह टिकला नव्हता. स्यूबाईंनीं युद्धांत गुप्त मोहिमांवर जाणाऱ्या पोलिश वीरांबरोबर काम केलें होतें आणि युद्धानंतर छळछावण्यांतून वांचलेल्यांच्या सेवेस वाहून घेतलें होतें. त्याच वर्षीं दोघांनीं मिळून डेहराडून येथें ‘राफेल’ ही संस्था सुरू केली; तेथें कुष्ठरोग्यांस आणि मतिमंद मुलांस आश्रय मिळाला.

पत्नीस सहधर्मचारिणी म्हणण्याचा आपला प्रघात आहे. येथें पतीहि तितकाच सहधर्मचारी ठरला. विवाहानंतर स्यूबाईंची संस्था पतीच्या संस्थेंत विलीन झाली नाहीं. दोन्ही स्वतंत्र राहिल्या आणि संयुक्त कार्यासाठीं तिसरी उभी झाली. सफोकमधील कॅव्हेंडिश गांवीं पत्नीच्या रुग्णगृहांतच थोड्याशा खोल्यांत त्यांनीं संसार मांडला. त्यांचा मुलगा आणि मुलगी रोग्यांच्या सहवासांत वाढलीं. अखेरीस स्नायू क्रमाक्रमानें निर्बल करणारा विकार त्यांस जडला. ज्यांची सेवा केली, त्यांच्यासारखेच परावलंबी होऊन ते ३१ जुलै १९९२ रोजीं कॅव्हेंडिश येथेंच निवर्तले. त्या वेळीं चेशायर-गृहें चाळीसहून अधिक देशांत पसरलेलीं होतीं. स्यूबाई २००० सालीं गेल्या.

आपल्या एकत्र कुटुंबांनीं अंथरुणास खिळलेले आजोबा, निराधार आत्या, जन्मतः पंगु मूल यांचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाहिला, हें आपलें भूषण होय. परंतु याच घरांनीं कित्येकदां त्यांस पाहुण्यांच्या दृष्टीआड ठेविलें, हेंहि प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. ज्यास नातेंच नाहीं, त्याची विचारपूस तर बहुधा उंबरठ्याबाहेरच राहिली. अतिथीस जेवूं घालून निरोप देणें, हा गृहस्थधर्म आपण जाणतों. जो परत जाणारच नाहीं, अशा अतिथीसाठीं अंथरूण घालणें, ही त्याच धर्माची पुढील पायरी होय. पहिला रोगी आला, तेव्हां चेशायर यांच्याजवळ द्रव्य नव्हतें, वैद्यकीय ज्ञान नव्हतें. एक रिकामी खोली तेवढी होती. तशी खोली आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असते.