जखमेला नाव कोण देतो?

सैनिकाच्या अंगावरचा घाव नोंदला जातो. मनावरचा घाव दिसत नाही, म्हणून तो नाकारणे सोपे जाते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लिखाणात आणली. पण रोगाच्या नावातही उतरंड शिरली. मनाने खचलेल्या अधिकाऱ्याला बहुधा ‘मज्जादौर्बल्य’ म्हणत, साध्या शिपायाला ‘हिस्टेरिया’. एकाचा थकवा, दुसऱ्याचा दोष! पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली.

चित्र पालटले ते भोगणाऱ्यांनी तोंड उघडल्यावर. व्हिएतनामहून परतलेले सैनिक १९७० साली न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन, चैम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात जाऊन बसले, ऐकू लागले. पुढे १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर तणाव’ हा विकार म्हणून मान्य केला.

आधार देणे म्हणजे आधी ऐकणे. आपल्या वस्त्यांतही फौजेतून परतलेली माणसे आहेत. कुणी फटाक्याने थरथरतो, कुणी रात्री ओरडत उठतो, कुणी माणसे टाळतो, दारूत बुडतो. त्याला ‘फौजी असून घाबरतोस?’ म्हणू नये. खोदून विचारू नये. तो बोलेल तेव्हा जवळ असावे. या विकारावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा दूरध्वनी मोफत आहे. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी आपण हौसेने ऐकतो. त्याची झोप का उडाली, हेही ऐकले पाहिजे.