शाश्वतता-व्यवस्थापन : एक नवा व्यवसाय

आपल्या घरांतील मुलानें किंवा मुलीनें ‘शाश्वतता-व्यवस्थापन’ शिकण्याची इच्छा प्रकट केली, म्हणजे वडील मंडळी ‘झाडें लावण्यास पदवी कशाला?’ असें विचारतात. परंतु या विद्येचा उगम वृक्षप्रेमांत नसून हिशेबांत आहे. सॅक्सनींतील खाणींचा अधिकारी फॉन कार्लोविट्झ यानें, धातु वितळविण्यास लागणारें लाकूड संपत चाललेलें पाहून, १७१३ सालीं ग्रंथ लिहिला. रान पुन्हा वाढेल तेवढेंच तोडावें, हें त्याचें सांगणें.

आज हीच चोपडी कारखान्यांत उघडली आहे. सेबीच्या नियमानें २०२२-२३ पासून शेअरबाजारांतील, बाजारमूल्यानें पहिल्या, एक हजार कंपन्यांस पाणी, वीज, कचरा व कामगारांची सुरक्षितता यांचा वार्षिक अहवाल देणें भाग पडलें. तो लिहिणारा केवळ लेखनकुशल असून भागत नाहीं. स्वतःच्या भट्टीचा धूर, विकत घेतलेल्या विजेमागचा धूर व माल पुरविणारांचा धूर, अशीं तीन खातीं त्यास वेगळीं ठेवावीं लागतात. तिसरें सर्वांत अवघड; आणि आंकडे दडविण्याचा मोहही तेथेंच.

अध्यापकांनीं मात्र व्याख्या घोकवून घेऊं नयेत. घोकून शब्दरूपें येतात, ही विद्या येत नाहीं. विद्यार्थ्यांपुढें महाविद्यालयाचेंच विजेचें बिल ठेवावें. आपल्याकडील विजेच्या एका युनिटमागें सुमारें सातशें ग्रॅम कर्बद्विप्राणिद वायु हवेंत जातो. वर्षाचा गुणाकार करून तो आंकडा प्राचार्यांसमोर वाचून दाखविण्याचें धैर्य कोणास होतें, तेंही आम्ही परीक्षेंत धरूं.

जे अभियांत्रिकी शिकले असतील त्यांनीं थोडा अनुभव घेऊन ऊर्जा-लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यामुळें मोठ्या कारखान्यांस अशीं माणसें लागतातच.